दगड कोणी वाहिले?

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्लायगो नावाचे बंदराचे गाव आहे. गावाच्या पश्चिमेला, समुद्राच्या अगदी कडेला, चुनखडकाची एक टेकडी एकटीच उभी आहे. तिचे नाव नॉकनरे. उंची अवघी ३२७ मीटर. सह्याद्रीतील गडांच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. परंतु भोवतालची भूमी सखल असल्यामुळे ती पुष्कळ दुरून ओळखू येते. तिची खरी ओळख म्हणजे माथ्यावरचा उंचवटा. खालून पाहणाऱ्यास तो निसर्गानेच दिलेला वाटतो. प्रत्यक्षात ती दगडांची रास आहे. सुमारे ५५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच अशी ही रास नवाश्मयुगातील माणसांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी हातांनी रचली. ती मृतांसाठी रचलेली समाधी असावी, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. आजवर कोणीही ती शास्त्रशुद्ध रीतीने उत्खनन करून उघडलेली नाही.

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडच्या टेकडीविषयी का लिहावे, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. गेली सव्वीस वर्षे मी या विद्यालयात इतिहास शिकवते आहे. माझी लेक याच विद्यालयात शिकली, पुढे परिचारिका झाली आणि आज स्लायगोच्या परिसरात रुग्णसेवा करते. गतवर्षी मे महिन्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा ही टेकडी चढण्याचा योग आला. तेथे इतिहासाविषयी एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. तो मी वर्गात अनेकदा विचारला होता. परंतु माझ्या स्वतःच्या घरापर्यंत तो इतक्या थेटपणे कधी आला नव्हता. म्हणून हे लेखन.

आम्ही पहाटेच निघालो. मे महिन्यात त्या प्रदेशात पाचच्या सुमारास उजाडते आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो. पायथ्याशी मोटारी थांबवण्याची जागा रिकामी होती. वाट दगडगोट्यांची, दोन्ही बाजूंना कुरणे, रचीव दगडांचे बुटके बांध, पिवळ्या फुलांनी लगडलेली काटेरी झुडपे आणि मेंढ्या. वारा सोडला तर आवाज नव्हता. तासाभराचीही ही चढण नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना तिने आपले वय विसरू दिले नाही. मी दोनदा थांबले आणि थांबल्यामुळेच पायाखालचा दगड नीट पाहता आला.

आपल्या मराठवाड्याचा दगड काळा. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो तयार झाला. नॉकनरेचा दगड करडा, पावसाने कडा झिजलेला आणि त्याहून कितीतरी जुना. सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वी तेथे उष्ण, उथळ समुद्र होता. त्यातील प्रवाळ, शंखशिंपले आणि सूक्ष्म जीव मरून तळाशी साचत गेले आणि त्यांच्या कवचांचा व सांगाड्यांचा चुनखडक झाला. म्हणजे माणसाने माथ्यावर समाधी रचण्यापूर्वीच ही टेकडी स्वतः मृतांचा एक प्रचंड साठा होती. लेकीने एका दगडावर बोट ठेवून दाखवले. त्यात प्रवाळाचा नक्षीदार ठसा होता.

त्याच ठिकाणी तिने वाटेच्या कडेचा मुठीएवढा दुसरा एक दगड उचलला. या टेकडीवर येणाऱ्याने खालून एक दगड न्यावा आणि वरच्या राशीपाशी ठेवावा, अशी तिथली जुनी रीत आहे. मी विचारले, “कशाला?” ती म्हणाली, “आजीसाठी.”

माझी आई, जिला आम्ही माय म्हणत असू, आदल्या जानेवारीत गेली. लेकीला तेव्हा रजा मिळाली नाही. आजीच्या अंत्ययात्रेला येता आले नाही, ही सल तिच्या मनात होती आणि हा दगड त्या सलेपोटी उचललेला होता, हे मला समजले. तरीही माझ्या तोंडून निघून गेले, “ठेव खाली, बाळा. तुझ्या आजीने पुष्कळ दगड वाहिले आहेत. तिच्या नावाने आणखी एक नको.”

हे वाक्य समजण्यासाठी १९७२ सालाकडे जावे लागेल. त्या वर्षीचा दुष्काळ आमच्या बीड जिल्ह्यातील वडीलधारी माणसे अजून ‘बहात्तरचा’ एवढ्याच शब्दात ओळखतात. शेते करपली, विहिरी आटल्या आणि सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि सर्वत्र खडी फोडणे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांपैकी एक माझी माय. मी तेव्हा दीड वर्षाची होते. बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत मी निजत असे आणि माय हातोडीने काळा दगड फोडून चुंबळीवरच्या घमेल्यात वाहत असे, हे मला तिनेच पुढे सांगितले. मिलोची लाल भाकरी आणि वाटलेली सुकडी यांवर दिवस निघत. कामावरचा पाण्याचा माठ आमच्या वस्तीसाठी वेगळा होता. तो रिकामा झाला की कोणीतरी वरून ओंजळीत पाणी घाले, तेवढेच. खडी ब्रासवर मोजली जाई आणि ती टोळीच्या नावावर लागे. टोळीचे नाव म्हणजे टोळीप्रमुख पुरुषाचे नाव. मायच्या हातांनी किती ब्रास खडी फुटली, याची नोंद कोणत्याही कागदावर तिच्या नावाने झालेली नाही. तो रस्ता मात्र आहे. आजही त्यावरून एस.टी. धावते.

लेकीने माझे म्हणणे ऐकून घेतले, पण दगड ठेवला नाही. थोडे अंतर चालून गेल्यावर ती म्हणाली, “आई, आजीला पोटासाठी वाहावा लागला. मला कोणी सांगितलेले नाही. मी माझ्या मनाने वाहते आहे. दोन्ही सारखे कसे?”

मी उत्तर दिले नाही. आपण शिकवलेली मुले आपल्यालाच असा प्रश्न विचारतात, तेव्हा शिक्षकाने थोडे चालत राहावे हेच बरे. आम्ही पुढे निघालो. तिच्या हाती दगड आणि माझे हात रिकामे.

माथा रुंद आणि जवळजवळ सपाट आहे. तेथे पोहोचल्यावर रास एकदम समोर येते आणि तिचा आकार पाहून पाऊल थांबते. उत्तरेला बेनबल्बेन हा सपाट माथ्याचा डोंगर, पश्चिमेला महासागर, दक्षिणेला ऑक्स पर्वताची रांग, पूर्वेला स्लायगो गाव आणि त्यामागे सरोवर. राशीच्या आसपास तिच्याहून लहान अशा समाध्यांचे भग्न अवशेष आहेत. मोठ्या राशीवर चढू नये, अशी सूचना पायथ्याशी लावलेली आहे, कारण हजारो पावलांनी तिचे दगड सरकत आहेत. आम्ही चढलो नाही. वळसा घालून तिच्याभोवती चाललो. आपण स्तूपाभोवती जसे चालतो, तसेच उजवा खांदा राशीकडे ठेवून पाय आपोआप पडत होते.

वळसा पूर्ण करून आम्ही दोघींनी मोबाइलवर एक हिशेब मांडला. राशीला नुसता शंकू मानले, तरी तिचे घनफळ सुमारे ७,९०० घनमीटर भरते. मायच्या मापात सांगायचे तर सुमारे २,८०० ब्रास. माथा सपाट असल्यामुळे प्रत्यक्षातील आकडा याहून मोठाच असणार. एका घमेल्यात अर्धा घनफूट दगड मावतो असे धरले, तर किमान पाच लाख साठ हजार खेपा. ज्या काळात हे झाले, त्या काळात त्या बेटावर धातू नव्हता, घोडा नव्हता, चाक नव्हते. दगड याच टेकडीचा. तो माथ्यावरून आणि उतारांवरून गोळा करायचा, उचलायचा आणि राशीपर्यंत न्यायचा. लेकीने मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाली, “कोणाची तरी आजी असणारच यात.”

या राशीला लोक ‘मिस्गान मेव्ह’, म्हणजे मेव्ह राणीची रास, म्हणतात. मेव्ह ही आयर्लंडच्या प्राचीन कथांतील कॉनाख्त प्रांताची राणी. एका बैलासाठी तिने उत्तरेकडील अल्स्टर प्रांताशी युद्ध केले, अशी कथा आहे. आणि तिला या राशीत शस्त्रांसह, शत्रूकडे तोंड करून उभी पुरली आहे, अशी लोकांची समजूत. कथेत मेव्हचा काळ इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा मानतात. रास तिच्याहून तीन हजार वर्षांनी जुनी आहे. म्हणजे मेव्ह खरोखर होऊन गेली असे मानले, तरी या दगडांशी तिचा संबंध जुळत नाही. तरी नाव तिचे लागले. आपल्याकडेही डोंगरातील लेण्यांना पांडवांची नावे लागली आहेत. ज्या श्रमाचा धनी माहीत नाही, त्यावर राजाराणीचे नाव चिकटण्यास वेळ लागत नाही.

मग या राशीत कोण आहे? टेकडीच्या पायथ्याशी, पूर्वेकडच्या सखल भागात, कॅरोमोर नावाचे समाधिक्षेत्र आहे. आज तेथे सुमारे तीस समाध्या शिल्लक आहेत. मोठमोठ्या शिळांचे वर्तुळ आणि मध्ये दगडांची छोटी खोली, अशी त्यांची रचना. एकोणिसाव्या शतकात त्यांपैकी अनेक समाध्या तेथील एका जमीनदाराने आपल्या संग्रहासाठी खणल्या. विसाव्या शतकात स्वीडनच्या संशोधकांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. दहन केलेली मानवी हाडे, हाडांच्या व शिंगांच्या टाचण्या, दगडी गोळे अशा वस्तू मिळाल्या. नॉकनरेच्या पूर्व उतारावरही लांबच लांब बांध, झोपड्यांच्या जागा आणि गारेची तासणी आढळली. म्हणजे दगड रचणारी माणसे या उंचीवर राहत होती, तेथेच हत्यारे घडवत होती.

त्या शिळावर्तुळांमधून फिरताना मला नागपूरजवळचे जुनापाणी आठवत होते. दीक्षाभूमीच्या सहलीत मी आपल्या विद्यार्थ्यांना काटोल मार्गावरील त्या माळावर अनेकदा नेले आहे. तेथे सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. विदर्भातील ही वर्तुळे लोहयुगातील, म्हणजे कॅरोमोरच्या समाध्यांहून दोन-अडीच हजार वर्षांनी अलीकडची. दोहोंमध्ये कोणतेही नाते नाही, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. साम्य आहे ते एवढेच, की मृताभोवती जड दगड मांडावेत असे दोन्हीकडच्या माणसांना वाटले आणि ते दगड कोणाला तरी उचलावे लागले. विदर्भातील अशा वर्तुळांत लोखंडी हत्यारे आणि साजासह पुरलेले घोडे सापडले आहेत. घोडा ज्याच्यासोबत पुरला तो कोण असावा, याविषयी विद्यार्थी पुष्कळ तर्क करतात. वर्तुळाचे दगड कोणी ओढून आणले असतील, हे बहुधा मलाच विचारावे लागते.

नॉकनरेच्या काळातील समाजात राजे होते काय, यावर अलीकडे मोठा वाद झाला आहे. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आयर्लंडच्या पूर्व भागातील न्यूग्रेंज या भव्य समाधीत सापडलेल्या एका पुरुषाच्या हाडातील जनुकांवरून त्याचे आईवडील अत्यंत जवळचे रक्तसंबंधी, बहुधा सख्खी भावंडे किंवा जन्मदाता आणि अपत्य, असल्याचे दिसले. असे संबंध बहुतेक समाज निषिद्ध मानतात. मात्र इतिहासात काही दैवी मानलेल्या राजघराण्यांत ते चालत. शिवाय त्या पुरुषाचे दूरचे नातलग कॅरोमोर आणि अन्य समाध्यांत आढळले. यावरून तेथे एक सत्ताधारी घराणे असावे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. वृत्तपत्रांनी लगेच त्याला ‘राजा’ केले.

२०२५ मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांनी याचा प्रतिवाद केला. एका हाडाच्या तुकड्यावरून राजा उभा करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. समाध्यांतील माणसांची नाती फार दूरची आहेत. तेथे एका घराण्याची मक्तेदारी दिसत नाही. लोक एकत्र येत, एकत्र काम करत, एकत्र जेवत आणि त्यातूनच या वास्तू उभ्या राहिल्या असतील, असे त्यांनी सुचवले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या वादाकडे लक्षपूर्वक पाहावे असे मला वाटते. वरवर तो जनुकांचा वाद आहे. पण त्याच्या तळाशी, वाटेवर लेकीने मला विचारलेला प्रश्नच आहे. हे दगड हुकमाने वाहिले की मनाने? राजाच्या धाकाने रचलेली रास आणि सर्वांनी मिळून रचलेली रास दुरून सारखीच दिसते. दगडाचे वजन दोन्हीकडे तेवढेच. वाहणाऱ्याच्या मानेवर मात्र त्याचा भार वेगवेगळा पडतो आणि तो फरक दगडावर उमटत नाही. पिरॅमिड असो, गड असो, धरण असो किंवा आमच्या गावचा बहात्तरचा रस्ता असो, वास्तूपुढे उभे राहिल्यावर तिची उंची विचारून झाली की पुढचा प्रश्न श्रमाच्या अटींचा असला पाहिजे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ आणि १९४८ मध्ये ‘अस्पृश्य मूळचे कोण होते?’ असे दोन ग्रंथ लिहिले. दोन्ही ग्रंथांच्या नावातच प्रश्न आहे, आणि तो सिंहासनावर कोण होते असा नाही.

आयर्लंडला हुकमाच्या आणि भुकेच्या दगडांची ओळख आहे. १८४५ पासून तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. तेव्हाच्या ब्रिटिश सरकारनेही दुष्काळी कामे काढली. रस्ते बांधणे आणि खडी फोडणे. मार्च १८४७ मध्ये अशा कामांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. अर्धपोटी पुरुष, स्त्रिया आणि मुले थंडीत दगड फोडत होती. त्यांपैकी काही रस्ते कोठेच जात नाहीत. माळावर किंवा दलदलीत मध्येच संपतात, कारण लोकांना मजुरी देण्यासाठी काम हवे होते, रस्ता नको होता. स्लायगोच्या धक्क्यावर त्या काळी देश सोडून गेलेल्यांच्या स्मरणार्थ एका कुटुंबाचा पुतळा उभारला आहे. टेकडीवरून परतल्यावर आम्ही तो पाहिला. आई, वडील, मूल. नावे नाहीत. मी बराच वेळ तेथे उभी होते. माझ्या मायच्या दुष्काळात आणि त्यांच्या दुष्काळात सव्वाशे वर्षांचे आणि अर्ध्या जगाचे अंतर होते, आणि दोन्हीकडे भुकेल्या माणसाच्या हाती हातोडीच दिली गेली होती. एक फरक मात्र न्यायाने नोंदवला पाहिजे. आमच्याकडे त्या कामांनी लाखोंचे प्राण वाचवले आणि त्या अनुभवातून १९७७ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. मागून मिळणारे काम हक्काने मिळू लागले. त्या कायद्यामागे खडी फोडणाऱ्या हातांचे बळ होते.

कॅरोमोरविषयी एक घटना येथे सांगितलीच पाहिजे. १९८०च्या दशकात या समाध्यांलगत कचरा टाकण्याचे क्षेत्र करण्याचे स्थानिक प्रशासनाने ठरवले होते. आसपासच्या काही रहिवाशांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. प्रकरण आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८९ मध्ये रहिवासी जिंकले. अनाम मृतांच्या दगडांसाठी जिवंत माणसे संविधानाने दिलेल्या मार्गाने लढली. आता स्लायगो जिल्ह्यातील या संपूर्ण समाधिक्षेत्राचे नाव जागतिक वारशासाठी आयर्लंडने तयार केलेल्या संभाव्य यादीत आहे. वारसा म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावताना आता मी हे उदाहरण देते. पूर्वजांचे नाव माहीत असणे ही वारसा जपण्याची अट नाही.

परंतु नावे जपता येतील तेथे ती जपली पाहिजेत. ‘स्तूप’ या शब्दाचा मूळ अर्थच रास असा आहे. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींचे आठ भाग झाले आणि त्यांवर स्तूप उभारले गेले, असे परंपरा सांगते. अस्थींवर रास रचण्याची रीत त्याहून जुनी; नवे घडले ते वेगळेच. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर आणि फरसबंदीवर दात्यांचे शेकडो लेख कोरलेले आहेत. त्यांत राजे थोडे आणि साधी माणसे पुष्कळ. भिक्षू, भिक्षुणी, गृहिणी, व्यापारी आणि गावेच्या गावे. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण हे कोरीव काम केले, असे नोंदवले आहे. नॉकनरेच्या राशीत जे नाही ते येथे आहे. रास कोणाच्या देण्याने उभी राहिली, हे रास स्वतः सांगते. तरी मी विद्यार्थ्यांना तेथेही थांबू देत नाही. एका कठड्याचे दान देणाऱ्याचे नाव कोरले गेले. तो दगड खाणीतून काढून टेकडीवर चढवणाऱ्याचे नाव सांचीतही नाही.

नॉकनरेच्या माथ्यावर लेकीने आपला दगड राशीवर फेकला नाही. वाटेलगत सुट्या दगडांत तो अलगद ठेवला आणि क्षणभर हात जोडले. मी तिच्या शेजारी उभी राहिले. ती आपल्या जागी बरोबर होती, असे आता मला वाटते. आणि रिकाम्या हाताने वर जाणे माझ्यासाठी बरोबर होते. मायने वाहिलेला दगड भुकेचा होता, नातीने वाहिलेला प्रेमाचा. दोन्हींची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत व्हावी, एवढेच इतिहासाच्या शिक्षिकेचे मागणे.

हे मागणे मी आता आपल्या विद्यालयापुढे ठेवते. या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आहे, विश्वस्तांची छायाचित्रे आहेत, गुणवंतांची नावे आहेत. ती असलीच पाहिजेत. त्यांच्या उदारतेशिवाय आणि कष्टांशिवाय हे विद्यालय उभे राहिले नसते. परंतु वसतिगृहाच्या पायाचा काळा दगड ज्यांनी फोडला ती वडार समाजाची कुटुंबे, विहिरीचे खोदकाम करणारे मजूर, सुटीच्या दिवशी श्रमदानाला येऊन विटा वाहणारे पालक आणि पहिल्या वर्षी चुलीवर दीडशे मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया, यांची यादी कोठेही नाही. यांतील कोणी मजुरीसाठी वाहिले, कोणी मनाने. काहींनी दोन्ही कारणांनी. ती माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारता येते. पाच हजार वर्षांनंतर या टेकाडावर कोणी चढले, तर त्याला तर्क करावे लागू नयेत.

म्हणून यंदापासून आठवीच्या विद्यार्थ्यांना मी एक काम दिले आहे. घरी गेल्यावर आजीआजोबांना विचारायचे : तुमच्या हातांनी काय काय बांधले गेले? कोणता रस्ता, कोणता बंधारा, कोणाचा वाडा, कोणती शाळा? मजुरी किती मिळाली? पाणी कोठे प्यायला मिळे? नाव कोणाच्या नावावर लागले? उत्तरे एका वहीत लिहायची आणि वर्गात मोठ्याने वाचायची. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने सांगितले, की आमच्या गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या भिंतीवर आजी रोज फिरायला जाते आणि ती भिंत तिनेच घातली आहे, हे मला आजच कळले. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “बाई, त्या तलावाला आजीचं नाव देता येईल का?”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेत मिळेल, असे मी त्याला सांगितले आणि अर्ज कसा लिहावा, हे त्याच तासाला शिकवले. वहीची पाने भरत आहेत. पुढील स्मरणिकेत संपादक मंडळाने देणगीदारांच्या यादीनंतरची काही पाने या नावांसाठी राखून ठेवावीत, ही माझी नम्र विनंती आहे. नावे आम्ही आणून देऊ.